काशीचे घाट, सारनाथ, रामनगर: चार दिवसांत मार्गदर्शक कुठे घ्यावा आणि कुठे घेऊ नये?

पैलतीर (धागालेखक)

नमस्कार. येत्या कार्तिकात आई-बाबांना घेऊन काशीला जाण्याचे ठरले आहे. आई ७१ वर्षांची आहे आणि बाबा ७६ वर्षांचे. बाबांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्याने ते सपाट रस्त्यावर व्यवस्थित चालतात, पण पायऱ्या आल्या की थांबतात. येण्याजाण्याचा प्रवास सोडून आमच्या हाती चार पूर्ण दिवस आहेत.

एका यात्रा कंपनीकडून कार्यक्रम मागवून पाहिला. पहिल्या दिवशी विश्वनाथ, अन्नपूर्णा, काळभैरव आणि संध्याकाळी गंगाआरती. दुसऱ्या दिवशी पहाटे तासाभराचा नौकाविहार, मग सारनाथ दीड तासात आणि उरलेला दिवस ‘बनारसी साडी केंद्रास भेट’. तिसऱ्या दिवशी थेट प्रयागराज. आईने हा कागद वाचला आणि एकच प्रश्न विचारला, “ह्यात काशी कुठे आहे?” तिच्या आजीने काशीहून गंगेच्या पाण्याचा गडू आणला होता, यात्रेहून परतल्यावर घालतात ते मावंदे गावाला घातले होते, आणि त्या प्रवासाच्या गोष्टी ऐकतच आई लहानाची मोठी झाली. तिला देवदर्शन हवे आहेच, पण हे नगर नीट पाहायचेही आहे.

म्हणून प्रश्न असा आहे की, ठरीव सहल न घेता आपापले फिरायचे झाल्यास मार्गदर्शक कोणत्या ठिकाणी खरोखर उपयोगी पडतो आणि कोणत्या ठिकाणी त्याच्यामुळे उलट अडचण होते? ज्यांनी वयस्कर माणसांना बरोबर नेले आहे, त्यांचे अनुभव विशेष हवे आहेत.

घाटवाट

‘काशीस जावे नित्य वदावे’ असे म्हणत म्हणत मी पाच वेळा जाऊन आलो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी तिथीचे पाहा. आपला महिना अमावास्येला संपतो आणि तिकडचा पौर्णिमेला. म्हणजे कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी काशीत कार्तिक लागतो आणि कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे देवदीपावलीला, तो संपतो. आपल्या पंचांगाने कार्तिक मोजून तुम्ही महिन्याच्या उत्तरार्धातली तिकिटे काढली असतील, तर घाटावरचे आकाशदिवे उतरवून झालेले असतील. उंच बांबूच्या टोकाला विणलेल्या करंडीतून लावलेले हे दिवे पंचगंगा घाटावर पाहण्यासारखे असतात. मात्र नेमक्या देवदीपावलीच्या दिवशी वडिलांना घेऊन घाटावर जाऊ नका. त्या गर्दीत धडधाकट माणसाचाही पाय जमिनीला लागत नाही. पौर्णिमेच्या सात-आठ दिवस आधी पोहोचणे सर्वांत चांगले.

आता नावेविषयी. काशीत गंगा उत्तरवाहिनी आहे. शहर पश्चिम तीरावर आहे आणि समोरचा पूर्व तीर म्हणजे नुसती वाळू, त्यामुळे सूर्य उगवताना त्याच्या आणि घाटांच्या मध्ये काहीही येत नाही. अस्सीपासून उत्तरेकडे जाणारी नाव प्रवाहाबरोबर जाते. बहुतेक सहली दशाश्वमेधाला नाव धरतात, मणिकर्णिकेपर्यंत नेतात आणि तिथूनच मागे वळवतात. तुम्ही अस्सीला नावेत बसा आणि परतीचे न ठरवता पंचगंगेपर्यंत किंवा राजघाटापर्यंत सलग जा. भाडे ठरवताना ‘एकतर्फी, अस्सी ते पंचगंगा, वल्ह्याची नाव’ असे स्पष्ट बोला. मोटारीची नाव लवकर पोहोचवते, पण तिच्या आवाजात शेजारच्या माणसाचेही ऐकू येत नाही.

ह्या मार्गाचा आग्रह मी आणखी एका कारणासाठी धरतो. काशीचे घाट ८४ मानले जातात आणि त्यांतले कितीतरी मराठी पैशाने, मराठी माणसांच्या हुकुमाने बांधलेले आहेत. अस्सीहून निघण्यापूर्वी जवळच भदैनी भागात झाशीच्या राणीचे जन्मस्थान आहे. तिचे माहेरचे नाव मणिकर्णिका का, हे तिथे उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. पुढे राजाघाट लागतो, तो अमृतराव पेशव्यांचा. मुन्शी घाटामागे नागपूरच्या दरबारातले एक कारभारी आहेत. दशाश्वमेधाला दगडी घाट बांधण्याचे काम अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या वेळी झाले आणि त्याला लागूनच अहल्याबाईंचा घाट आहे. मणिकर्णिका ओलांडली की दत्तात्रेय घाट, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांनी १८३०च्या सुमारास बांधवलेला शिंदे घाट, नागपूरकरांचा भोसले घाट, मग पंचगंगा, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट. ह्या शेवटच्या टप्प्यात वरच्या गल्ल्यांमधून आजही मराठी घरे आहेत आणि नाना फडणवीसांचा वाडाही ह्याच भागात आहे. सहलीची नाव जिथून मागे फिरते, तिथूनच आपली काशी सुरू होते, ही गोष्ट मला तिसऱ्या खेपेला कळली.

मार्गदर्शक घ्यायचाच असेल, तर ह्या उत्तरेकडच्या तुकड्यासाठी घ्या, आणि त्याला आधी विचारा की ब्रह्माघाटावरच्या गल्ल्या त्याच्या पायाखालच्या आहेत का. तो ‘तिकडे पाहण्यासारखे काही नाही’ म्हणाला, तर दुसरा शोधा.

शेंदूर

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण तो स्वतःच्या पायांवर विश्वास असलेल्या माणसाने लिहिलेला आहे. मी दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना नेले होते, त्या अनुभवातून काही व्यावहारिक गोष्टी सांगते.

पंचगंगा घाटावर नावेतून उतरून वरच्या गल्लीत यायचे म्हणजे उंच, झिजलेल्या पायऱ्यांची जवळजवळ भिंतच चढायची. तुमच्या वडिलांना ते झेपणार नाही. त्यांना नावेतूनच ते घाट पाहू द्या आणि राजघाटाकडे किंवा त्याच्या जवळच्या नमो घाटावर उतरवा. तिथे वाहन बरेच जवळ येते. अस्सीलाही चढउतार त्या मानाने कमी आहे. दशाश्वमेधाकडे जाताना गर्दीच्या वेळी वाहने गोदौलियाच्या आसपासच थांबवतात, आणि तिथून पुढे माणसांच्या लोंढ्यातून चालावे लागते. ह्यासाठी कोणतीही सहल कंपनी पर्याय देऊ शकत नाही, मग तिने कागदावर काहीही लिहिलेले असो.

संध्याकाळच्या आरतीविषयी माझे मत लोकांना आवडणार नाही. नावेतून आरती पाहायची म्हणजे शंभर नावांच्या मध्ये अडकून बसायचे. आरती संपल्यावरही बाहेरच्या नावा हलल्याशिवाय तुमची हलत नाही. आम्ही दोन तास तसे बसलो आणि सासूबाईंची पाठ धरली. त्यापेक्षा अस्सीला पहाटे जी आरती होते आणि तिच्यानंतर जे शास्त्रीय गायन-वादन होते, तो ‘सुबह-ए-बनारस’ नावाचा उपक्रम २०१४ पासून चालू आहे. बसायला जागा मिळते, गर्दी आटोक्यात असते आणि समोर सूर्य उगवतो. तिथूनच नावेत बसता येते.

मार्गदर्शकाबद्दल बोलायचे तर आम्हाला हॉटेलमार्फत जो मिळाला, त्याने विश्वनाथाच्या गल्लीतून बाहेर पडल्यावर ‘पाचच मिनिटे’ म्हणून एका साडीच्या दुकानात नेले आणि सव्वा तास बसवले. भाडे कमी सांगणारा मार्गदर्शक उरलेले पैसे कुठून वसूल करतो, हे त्या दिवशी समजले. आधीच ‘खरेदी नाही’ असे लिहून घ्या आणि त्यासाठी थोडे जास्त पैसे द्यावे लागले तरी द्या.

चिकित्सक

मार्गदर्शक घेण्याला माझा विरोध नाही, पण त्याच्या कथा गाळून घ्याव्या लागतात. शिंदे घाटाच्या शेजारी पाण्यात कललेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आहे. ते का कलले, ह्याच्या मी तीन वेगवेगळ्या गोष्टी ऐकल्या आहेत. एकीत आईचे ऋण फेडल्याचा गर्व करणारा मुलगा आहे, दुसरीत अहल्याबाईंची दासी आहे, तिसरीत नुसताच शाप आहे. ह्या तिन्ही गोष्टी मला तेथेच, अर्ध्या तासाच्या अंतराने, वेगवेगळ्या नावांतून ऐकू आल्या. शिंदे घाटाचेच अवजड बांधकाम नदीकाठच्या मातीत खचले होते, ही साधी माहिती मात्र कोणी दिली नाही. वर्षातला बराच काळ त्या मंदिराचा गाभारा पाण्यात किंवा गाळात असतो, हेही सांगण्यासारखे आहे.

पंचगंगेवरही तसेच होते. ह्या घाटावर बिंदुमाधवाचे जे भव्य देऊळ होते, त्याचे वर्णन तावेर्निये ह्या फ्रेंच प्रवाशाने सतराव्या शतकात करून ठेवले आहे. औरंगजेबाच्या काळात ते पाडले गेले आणि त्या जागी मशीद उभी राहिली. तिचे दोन उंच मिनार दूरवरून दिसत आणि लोक त्यांना ‘धरहरा’ म्हणत. १९४८ मध्ये एक मिनार कोसळला आणि दुसरा धोक्याचा म्हणून उतरवण्यात आला. आजचे बिंदुमाधवाचे छोटे देऊळ शेजारी आहे, ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधवले. एवढा सगळा इतिहास एका घाटावर असताना मार्गदर्शक महाशय आम्हाला ‘येथे पाच नद्या गुप्तपणे मिळतात’ एवढे सांगून पुढे निघाले. आमच्यातले एक कोल्हापूरचे गृहस्थ म्हणाले, “पंचगंगा आमच्या घरामागेही आहे, पण ती निदान दिसते तरी.”

घाटवाट ह्यांच्या यादीत एक भर घालतो. मराठी काशी केवळ सरदारांच्या पैशाची नाही. पेशवाईच्या कितीतरी आधी पैठणहून गेलेले भट्ट घराणे तिथे विद्येच्या बळावर उभे होते. त्यातल्या नारायण भट्टांनी सोळाव्या शतकात विश्वनाथाच्या मंदिराची पुन्हा उभारणी करवून घेतली आणि त्याच घराण्यातले गागाभट्ट १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला आले. एकनाथांनी भागवतावरची आपली टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, काशीतच पूर्ण केली. तुमच्या आईंचा नाथांच्या ग्रंथाशी परिचय असेल, तर मणिकर्णिकेवरून नाव जाताना त्यांना एवढे जरूर सांगा.

जुना_वाडा

विद्यार्थी म्हणून मी हिंदू विश्वविद्यालयात काही वर्षे काढली, त्यामुळे घाटांखेरीज इतर गोष्टींबद्दल लिहितो.

सारनाथसाठी दीड तास हा अन्याय आहे. शहरापासून ते जेमतेम दहा किलोमीटर आहे, पण अर्धा दिवस राखून ठेवा आणि शुक्रवार टाळा, कारण त्या दिवशी पुरातत्त्व संग्रहालय बंद असते. मार्गदर्शक कुठे घ्यावा ह्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर सारनाथ असे आहे. घाट डोळ्यांना दिसतात, पण सारनाथच्या विटांच्या ओळी समजावून दिल्याशिवाय त्या विटाच राहतात. धर्मराजिका स्तूपाचे आज फक्त एक वर्तुळाकार जोते उरले आहे. १७९४ मध्ये राजा चेतसिंहाचे दिवाण जगतसिंह ह्यांच्या माणसांनी बांधकामासाठी विटा-दगड हवे म्हणून तो स्तूप उकरला. त्या वेळी आत अस्थींची पेटी सापडली आणि अस्थी गंगेत सोडण्यात आल्या. हा प्रसंग ऐकून त्या रिकाम्या वर्तुळापाशी उभे राहणे आणि न ऐकता उभे राहणे, ह्यांत फार फरक आहे. धामेक स्तूप मात्र अंगावर येण्याइतका मोठा आहे, तळाशी सुमारे २८ मीटर व्यासाचा, आणि त्याच्या दगडी पट्ट्यावरचे गुप्तकालीन कोरीव काम पाहायला तुमच्या वडिलांना एकही पायरी चढावी लागणार नाही.

आपल्या नोटांवरच्या सिंहांचा मूळ दगड संग्रहालयात प्रवेश करताच समोर दिसतो. १९०४-०५ च्या उत्खननात तो सापडला. दगड चुनारचा आहे आणि त्यावरची झिलई सव्वादोन हजार वर्षांनंतरही हात फिरवावासा वाटेल अशी आहे, अर्थात तसे करू देत नाहीत. जवळच १९३१ साली उघडलेला मूलगंधकुटी विहार आहे. आतली बुद्धचरित्राची भित्तिचित्रे कोसेत्सु नोसु ह्या जपानी चित्रकाराची आहेत. महाराष्ट्रातून येणाऱ्या बौद्ध यात्रेकरूंचे गट तिथे नेहमी भेटतात, आणि परक्या मुलखात अचानक मराठी कानावर पडते. येताना वाटेत चौखंडी स्तूप लागतो. खाली प्राचीन स्तूपाचा ढिगारा आणि वर अकबराच्या काळातला, हुमायूनच्या भेटीची आठवण म्हणून १५८८ मध्ये बांधलेला अष्टकोनी बुरूज अशी ती विचित्र जोडणी आहे.

रामनगरचा किल्ला पलीकडच्या तीरावर आहे. आता पूल असल्याने गाडी थेट दारापर्यंत जाते. संग्रहालयातल्या जुन्या मोटारी, पालख्या आणि हत्यारे धुळीने माखलेली असतात, पण नदीवरचा सज्जा सुंदर आहे. रामनगरची खरी ओळख म्हणजे तिथली रामलीला. अनंत चतुर्दशीपासून महिनाभर ती चालते, ध्वनिवर्धकाशिवाय, पेट्रोमॅक्सच्या उजेडात. अयोध्या, जनकपूर, लंका ही स्थळे गावात वेगवेगळ्या ठिकाणी आहेत आणि प्रसंग बदलला की हजारो प्रेक्षक उठून त्या त्या जागी चालत जातात. तुम्ही कार्तिकात जाणार म्हणजे ती संपलेली असेल, ह्याचे मला तुमच्यापेक्षा जास्त वाईट वाटते. त्याऐवजी कार्तिक शुद्ध चतुर्थीला तुळशीघाटावर नागनथैया होते. नदीकाठी कदंबाची फांदी रोवतात, कृष्णाचे काम करणारा मुलगा तिच्यावरून गंगेत उडी घेतो आणि कालियाच्या फण्यावर उभा राहून बाहेर येतो. प्रत्यक्ष प्रसंग काही मिनिटांचाच असतो.

विद्यापीठातले भारत कला भवन हे संग्रहालय सहलींच्या यादीत कधीच नसते. राय कृष्णदासांनी जमवलेली लघुचित्रे पाहायला तिथे दुपारी शांतपणे जावे. साड्यांबद्दल सांगायचे तर दुकानात न जाता मदनपुरा किंवा पीली कोठीकडे ओळखीच्या माणसाबरोबर जाऊन खड्ड्याचा माग चालताना पाहा. विणकराच्या घरात गेल्यावर खरेदीचा आग्रह होईलच, पण निदान किंमत कशाची देतो आहोत हे कळते.

पैलतीर

सर्वांचे मनापासून आभार. तिकिटे तपासली; सुदैवाने आम्ही देवदीपावलीच्या आठ दिवस आधी पोहोचतो आहोत. दोन शंका राहिल्या. मणिकर्णिकेजवळून नावेने जाताना आईला उतरायचे आहे, तर ते योग्य ठरेल का? आणि गडू नेमका कुठे घ्यावा?

घाटवाट

मणिकर्णिकेला उतरायला हरकत नाही, पण तिथे चोवीस तास चिता जळत असतात, हे लक्षात ठेवून उतरा. छायाचित्र घेऊ नका, नावेतूनही नको. ‘वर चला, चांगले दिसते’ म्हणून एखादा माणूस जुन्या इमारतीत नेतो आणि मग गरिबांच्या सरणासाठी लाकडाचे पैसे मागतो. त्याच्याशी वाद न घालता सुरुवातीलाच हात जोडून नकार द्या. गडूसाठी ठठेरी बाजारात जा. तांब्या-पितळेची दुकाने तिथे ओळीने आहेत. तोंड डाख देऊन बंद करून घ्या, आणि विमानाने परतणार असाल तर तो सामानात द्यावा लागेल, हे आधीच ठरवा.

चिकित्सक

विश्वनाथाच्या मंदिरात मोबाइल नेता येत नाही. तो हॉटेलवरच ठेवा. ‘मोफत लॉकर’ म्हणणाऱ्या फुलवाल्याकडे ठेवलात, तर लॉकर मोफतच मिळेल, पण फुलांची टोपली मिळणार नाही मोफत.

पैलतीर

परत आलो. धागा अर्धवट सोडू नये म्हणून लिहितो.

शेवटी सहल घेतली नाही. सारनाथला पुरातत्त्व स्थळाच्या दारापाशी सरकारी ओळखपत्र असलेला मार्गदर्शक घेतला आणि ते पैसे सर्वांत सत्कारणी लागले. जगतसिंहाची गोष्ट त्याने स्वतःहून सांगितली. बाबा धामेक स्तूपाभोवती दोन फेऱ्या मारून आले आणि म्हणाले की, इतक्या दिवसांत पहिल्यांदा गुडघ्याची आठवण झाली नाही.

पहाटे अस्सीला गायन ऐकले आणि वल्ह्याच्या नावेत बसलो. नावाडी साठीच्या पुढचा होता. आम्ही मराठी आहोत हे कळल्यावर तो भोसले घाटापाशी आपणहून थांबला आणि ‘आपके राजा का’ एवढेच म्हणाला. आईला मणिकर्णिकेला उतरायचे होते, पण समोर एकाच वेळी पाच-सहा चिता दिसल्यावर तिने नावेतूनच नमस्कार केला. चिकित्सक ह्यांनी सांगितलेली एकनाथांची माहिती मी तिथे तिला दिली. ती काही बोलली नाही. पुढचा बराच वेळ ओव्या पुटपुटत होती.

शेंदूर ह्यांच्या सल्ल्याप्रमाणे बाबांना राजघाटाकडे उतरवले. दुपारी बाबा झोपल्यावर मी आणि आई ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत मार्गदर्शकाशिवाय गेलो आणि अर्थातच चुकलो. एका दारात तांदूळ निवडत बसलेल्या आजींना मी हिंदीत रस्ता विचारला. त्यांनी आईच्या नऊवारीकडे पाहिले आणि मराठीत विचारले, “कुठले तुम्ही?” त्यांचे घराणे सहा पिढ्यांपूर्वी कोकणातून आलेले. त्यांची मराठी आमच्या मराठीपेक्षा जुनी आणि बनारसी हेल काढून बोललेली होती. आई तासभर त्या उंबऱ्यावर बसली.

गडू ठठेरी बाजारातून घेतला. पुढच्या रविवारी मावंदे आहे.